घरासाठी सागवान घेताय? आधी लाकूड कुठलं ते विचारा, भाव नंतर

वखारीत गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, घनफुटाला काय भाव? माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न, हे लाकूड कुठल्या जंगलातलं आणि त्याचा कागद कुठंय. कारण भाव असा का याचं उत्तर तिथंच सापडतं. दोन वखारींत सारख्या दिसणाऱ्या लाकडाचा भाव खूपच वेगळा असेल तर बहुतेक वेळा स्वस्त मालाच्या साखळीत कुणाचे तरी पैसे दिलेलेच नसतात, कुठं सरकारची रॉयल्टी बुडवलेली असते, कुठं जंगलाशेजारच्या गावाला काहीच मिळालेलं नसतं, आणि परत तेवढं झाड उभं करायचा खर्च तर कुणी धरलेलाच नसतो. हे सगळं घर बांधणाऱ्यासाठी, चौकटी-दारं-खिडक्या करून घेणाऱ्यासाठी लिहितोय, मोठे आयातदार त्यांचं बघतील.

आधी थोडा पैशाचा हिशोब, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं. नैसर्गिक जंगलातला साग चांगल्या जाडीला यायला ८० वर्षं तरी धरा, कधी जास्तच. समजा आज एका झाडाचे शंभर रुपये येतायत. ते शंभर रुपये १० टक्क्यांनी लावले तर ३० वर्षांत साधारण १,७४५ होतात आणि ८० वर्षांत दोन लाखांच्या वर जातात. झाड काही त्या वेगाने वाढत नाही, जून झाड वर्षाला दोन-तीन टक्के वाढलं तरी खूप. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशोबाने बघणाऱ्या माणसाला आजच तोडणं परवडतं, आणि ज्याला जंगलाचा ठेका १५-२० वर्षांचाच मिळालाय पण तोडीचं चक्र ३० वर्षांचं आहे त्याला तर दुसरं पीक बघायलाच मिळणार नसतं, मग तो जपून का तोडेल? उष्णकटिबंधातल्या बऱ्याच देशांत हेच झालंय. ठेकेदार एखाद-दुसरं मोठं झाड काढायला रस्ता करतो, त्या रस्त्याने मागून शिकारी येतात, उरलेली झाडं तोडणारे येतात, शेतीसाठी जाळणारे येतात. लाकूड काढल्यामुळे जेवढं जंगल जातं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गुरांची कुरणं, सोयाबीन आणि पामतेलासाठी जातं हे खरंच आहे, पण त्या सगळ्याला वाट बऱ्याचदा लाकडाचा रस्ताच करून देतो.

उलट जपून तोडायची पद्धत माहितीच नव्हती असंही नाही. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, १८५६ पासून ब्रँडिस नावाच्या वनअधिकाऱ्याने जी पद्धत बसवली ती अशी की जंगलाचे भाग पाडायचे, एका भागात ३० वर्षांतून एकदाच जायचं, ठरलेल्या घेरापेक्षा मोठी झाडंच निवडायची, त्यांची बुंध्याभोवतीची साल आणि खालचं पांढरं लाकूड गोल कापून झाड उभ्या उभ्या तीन वर्षं वाळू द्यायचं, मग पाडायचं, हत्तीने ओढायचं आणि नदीत सोडायचं. ओला साग नीट तरंगत नाही म्हणून हा वाळवायचा खटाटोप. पद्धत उत्तम होती, मोडली ती पैशाच्या घाईने. सरकारला परकीय चलन पाहिजे म्हणून ठरल्यापेक्षा जास्त तोड, शिवाय सीमेवरून चोरटी. शेवटी १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यातच बंद केली, २०१६ ला वर्षभर देशभर तोड थांबवली आणि बागो योमा डोंगररांगेत दहा वर्षांसाठी. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, आणि तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर त्याच वर्षी अमेरिकेने आणि युरोपने निर्बंध घातले. भारताने असे निर्बंध घातलेले नाहीत, त्यामुळे तिथला कापलेला माल आपल्याकडे यायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याचे पैसे कुणाच्या हातात जातात हे घेणाऱ्याला माहिती असावं.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी बघितलाय. ब्रह्मदेशचा थिबा राजा तिथं कसा आला याच्या मुळाशी पण सागच आहे. १८६३ साली मुंबईत निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातला साग काढायची, तिने नेलेले ओंडके कमी दाखवून रॉयल्टी बुडवली असा आरोप ठेवून तिथल्या दरबाराने १८८५ ला तिला जबर दंड लावला, इंग्रजांनी ते निमित्त केलं, युद्ध झालं, राज्य गेलं आणि राजा रत्नागिरीत नजरकैदेत आला, १९१६ ला इथंच वारला. ओंडके कमी दाखवणं, जात वेगळी लिहिणं, एका परवान्यावर दोन खेपा काढणं, लाकडाच्या चोरीच्या या वाटा आजही त्याच आहेत. इंटरपोल आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१२ मध्ये अंदाज दिला होता की जगात व्यापारात येणाऱ्या लाकडातलं १५ ते ३० टक्के बेकायदा तोडीचं असतं. म्हणून कागद, कागद करतोय.

आता आपल्या बाजारात काय काय येतं ते बघू. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल हे आधी पर्यावरणासाठी, उत्पन्नासाठी नंतर, असं ठरवलं आणि १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला की मंजूर कार्ययोजनेशिवाय, म्हणजे कुठं किती तोडायचं याच्या सरकारी आराखड्याशिवाय, कुठल्याही जंगलात तोड नाही. आपल्या जंगलाला त्याचा फायदा झाला, पण लाकडाची मागणी काही कमी झाली नाही, ती बाहेरच्या देशांच्या जंगलावर गेली. कांडला बंदर आणि शेजारच्या गांधीधामच्या सॉ मिल त्यावरच वाढल्या. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट, टांझानिया, इक्वाडोर, कोस्टारिका, पनामा, ब्राझील इथला लागवडीचा साग तिथं उतरतो, मलेशियाची मेरांटी आणि ज्याला आपण मलेशियन साल म्हणतो ते लाकूड उतरतं, आणि तिथून ट्रकने पुण्याच्या टिंबर मार्केटला, मुंबईत रे रोडला, नागपूरच्या लकडगंजात. सागाचे ओंडके आयात करण्यात भारत जगात पहिला आहे. म्हणजे आपण वखारीत काय विचारतो याला वजन आहे बरं का.

देशी मालात विदर्भाचा सीपी साग, म्हणजे बल्लारशाह, आलापल्ली भागातला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाह डेपोतूनच साग गेला होता. हा माल वनविभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या डेपोत लिलावाने विकला जातो, आता ई-लिलाव, आणि लॉटने घ्यावा लागतो, त्यामुळे एका घराच्या कामासाठी तुम्ही थेट जाण्यापेक्षा लिलावात माल उचललेल्या वखारवाल्याकडून घेणं सोयीचं. फक्त त्याच्याकडे डेपोची विक्रीपावती मागायची. एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, सरकारी डेपोचा माल म्हणजे कायदेशीर याची बऱ्यापैकी खात्री, पण मिश्र जंगल काढून तिथं नुसता साग लावायचा हे काम आपल्याकडे कितीतरी वर्षं झालंय आणि त्यावर जंगल अभ्यासणाऱ्यांनी टीका केलीय ती मला पटते. ऐन, बिबला, मोह, तेंदू गेले आणि एकटा साग राहिला तर त्याला जंगल म्हणता येत नाही, गावाला त्यातून ना मोहफूल ना तेंदूपान.

वखारीत गेल्यावर नावांना भुलू नका. साग म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, ती एकच जात, मग ती घानाची असो की चंद्रपूरची. पण "आफ्रिकन टीक" या नावाखाली इरोको किंवा आफ्रोर्मोसिया देतात, "ब्राझिलियन टीक" म्हणजे कुमारू, "व्हाइट टीक" म्हणजे आपली शिवण. ही लाकडं वाईट आहेत असं नाही, शिवण तर फार चांगलं लाकूड आहे, पण भाव सागाचा घेऊ नये. आणि यातल्या काही जाती संकटात आहेत म्हणून त्यांच्या देशोदेशीच्या व्यापाराला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो, आफ्रोर्मोसिया १९९२ पासून त्या यादीत आहे, शिसवीचा सगळा डालबर्जिया गट २०१७ पासून, आफ्रिकेतला पदौक आणि खाया २०२३ पासून, कुमारू २०२४ च्या शेवटी आलं. साग या यादीत नाही. तर बिलावर जातीचं शास्त्रीय नाव लिहून मागा, खरा व्यापारी देतो, नुसतं "इम्पोर्टेड हार्डवूड" लिहून देणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

कागद कुठले मागायचे ते सांगतो. देशी लाकूड असेल तर वाहतूक पास, ज्याला सगळे टीपी म्हणतात, आणि ओंडक्यावर वनखात्याच्या हॅमरचा शिक्का. कापलेल्या फळीवर शिक्का दिसणार नाही, मग टीपी आणि विक्रीपावतीवरचा माल आणि तारीख जुळते का ते बघा. २०२३ च्या डिसेंबरपासून देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक पासची व्यवस्था सुरू झालीय. शेतातला साग असेल तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडीची परवानगी लागते, म्हणून "शेतकऱ्याचा माल आहे, त्याला कागद लागत नाही" हे कुणी म्हटलं तर ते चूक आहे.

आयात मालात बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडचा आयातीचा कागद, ज्या देशातून आलंय तिथलं मूळ देशाचं सर्टिफिकेट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचं. छोटा वखारवाला म्हणेल की हे सगळं कांडल्याच्या पार्टीकडे असतं, खरंच असतं, पण झेरॉक्स किंवा व्हॉट्सअपवर फोटो मागवायला त्याला अडचण नसते. जीएसटी बिलावर एचएसएन नंबर असतो तो वाचायला शिका, ४४०३ म्हणजे गोल ओंडके आणि ४४०७ म्हणजे कापलेलं लाकूड. मग कुणी म्हणाला की बर्माचे ताजे गोल ओंडके आलेत तर २०१४ ची बंदी लक्षात ठेवा आणि तिथून निघा. अजून एक समजून घ्या, हे कागद माल आपल्या बंदरात रीतसर उतरला एवढंच सांगतात. दुसऱ्या देशात चोरून तोडलेलं लाकूड विकू नये यासाठी अमेरिकेत २००८ पासून लेसी कायद्यात तरतूद आहे, युरोपात २०१३ पासून नियम लागू आहे, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. त्यामुळे तिकडची तोड बरोबर होती का हे तपासायचं काम शेवटी घेणाऱ्यावरच येतं, आणि त्यासाठी सर्टिफिकेशन, म्हणजे लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं आहे याची बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेली खात्री.

सर्टिफिकेशनमध्ये एफएससी सगळ्यात ओळखीचं, १९९३ पासूनचं, दुसरं पीईएफसी. भारताची स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना २०२३ च्या शेवटी आलीय, तिचं चिन्ह प्रमाण. आता इथं लोक फसतात ते असं, दुकानात भिंतीवर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं आणि माल वेगळाच असतो. तर तीन गोष्टी करा. सर्टिफिकेटवरचा कोड एफएससीच्या वेबसाइटवर टाकून ते चालू आहे की रद्द झालंय की मुदत संपलीय ते बघा, मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे. तिथंच त्या कंपनीला कुठल्या मालासाठी, कुठल्या जातीसाठी मान्यता आहे ते दिसतं, नुसत्या प्लायवुडसाठी असेल तर सागाच्या फळ्यांना ते लागू नाही. आणि तुमच्या स्वतःच्या बिलावर कोड आणि "एफएससी १००%" किंवा "मिक्स" असं लिहिलेलं पाहिजे, ते नसेल तर साखळी मध्येच तुटली, मग तो माल सर्टिफाइड म्हणून धरू नका, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. मिक्स म्हणजे त्यात सर्टिफाइड जंगलाबरोबर दुसऱ्या तपासलेल्या ठिकाणचा मालही असू शकतो, हे पण माहिती असू द्या. सर्टिफिकेट असलं म्हणजे सगळं स्वच्छ असं मी म्हणत नाही, घोटाळे त्यातही निघालेत, पण काहीच नसण्यापेक्षा शोध घ्यायला धागा तरी हातात राहतो.

काही जण म्हणतात मग विदेशी लाकूड घ्यायचंच नाही. मला हे पूर्ण पटत नाही. जंगलातून उत्पन्न मिळालंच नाही तर त्या जमिनीवर गुरं किंवा पाम यायला वेळ लागत नाही. ग्वाटेमालात पेटेनच्या जंगलात १९९० च्या दशकापासून गावांच्या संस्थांना मोठे वनपट्टे दीर्घ मुदतीने दिले, ते मोजकी महोगनीची झाडं काढतात, एफएससीचं सर्टिफिकेट घेतात, आणि त्यांच्या पट्ट्यात जंगल टिकलंय, आजूबाजूच्या काही संरक्षित उद्यानात मात्र आगी लागल्या आणि कुरणं झाली. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, घेतला, २०११ ला बांबूची वाहतूक पासची पुस्तिका गावाच्या हातात आली, बांबू विकून पैसे ग्रामसभेत जमा व्हायला लागले. वरच्या शंभर रुपयांच्या हिशोबात जो ठेकेदार आहे त्याच्या जागी गाव ठेवून बघा, गावाला ३० वर्षांनीही तिथंच राहायचंय, म्हणून त्याचा हिशोब वेगळा येतो. घेणाऱ्याने योग्य भाव दिला तरच तो हिशोब टिकतो.

आता मोजणी, कारण पैसे इथं सगळ्यात जास्त जातात. गोल ओंडका बाजारात चौथाई घेराच्या पद्धतीने मोजतात, घेराचा चौथा भाग घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि लांबीने गुणा. ४ फूट घेर आणि १० फूट लांबी म्हणजे १ गुणिले १ गुणिले १०, झाले १० घनफूट. प्रत्यक्षात त्यात १२.७ घनफूट लाकूड असतं, ही सूट साल आणि कापातल्या तुटीसाठी धरलेली असते. पण कापल्यावर हातात साधारण निम्मंच लाकूड येतं, बाकी भुसा, सालीकडचे काप, तडे. म्हणून ओंडक्याचा भाव आणि फळीचा भाव कधी शेजारी ठेवून तुलना करू नका, आणि कुणी घनमीटरमध्ये सांगितलं तर १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

फळीचं सोपं आहे, रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. सात फूट बाय साडेतीन फुटाच्या दाराची उंबरठ्यासकट चौकट, ५ बाय अडीच इंची लाकूड, एकूण लांबी २१ फूट, म्हणजे ५ गुणिले २.५ गुणिले २१ भागिले १४४, साधारण १.८२ घनफूट. मिस्त्रीने अडीच-तीन घनफूट सांगितलं तर विचारा कसं काय, थोडी तूट धरावी लागते पण एवढी नाही. आणि माप रंधा मारायच्या आधीचं की नंतरचं ते आधीच ठरवा, यावरून भांडणं होतात.

लाकूड निवडताना गाभा किती आणि कडेचं पांढरं लाकूड किती ते बघा. लागवडीचा २०-२५ वर्षांचा साग पांढरं जास्त घेऊन येतो, वाळवी आणि भुंगा आधी तिथं लागतो. बाहेरच्या दाराला आणि पावसाच्या माऱ्यातल्या खिडकीला गाभ्याचंच लाकूड घ्या, आतल्या खोल्यांना थोडं पांढरं चालतं, भाव मात्र कमी करून मागा. कोवळा साग टाकाऊ नाही, जिथं चालतो तिथं तो वापरला तर ऐंशी वर्षांच्या झाडावरचा भार कमी होतो. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, पुण्या-नागपूरकडे १२ टक्क्यांच्या आसपास आणि कोकणात थोडं जास्त चालेल, त्याच्या फार वर असेल तर दार पुढे वाकणार.

आणि सगळीकडे सागच पाहिजे का हे एकदा घरात बसून ठरवा. बाथरूमच्या चौकटीला ग्रॅनाइट बरं. आतल्या चौकटींना ऐन, बाभूळ, कडुनिंब चालतात, कोकणात फणसाची दारं पिढ्यान् पिढ्या टिकलेली बघायला मिळतात आणि फणस तर परसातलाच असतो. जुन्या वाड्याचं लाकूड मिळत असेल तर ते सगळ्यात उत्तम, त्यातलं बरंच जुन्या जंगलातलं आहे, तसं आता नवीन मिळणं कठीण, आणि त्यासाठी एकही झाड पडत नाही. तुळई-खांब घेताना खिळे सगळे काढून घ्या नाहीतर सॉ मिलवाला पातं तुटल्याचे पैसे लावेल, टोकं आणि भिंतीत गाडलेला भाग ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर तेवढा कापून टाका, आणि वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराकडून पावती घ्या, नाहीतर वाहतुकीत कुणी अडवलं तर जुनं लाकूड आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही राहत नाही.

शेवटी ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्यासाठी, कारण साग लावून किती पैसे होतात हे कायम विचारतात. १९९० च्या दशकात सागाच्या झाडात पैसे गुंतवा आणि वीस वर्षांनी लाखो घ्या अशा योजना निघाल्या होत्या, त्यात पुष्कळ लोक बुडाले, अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी सेबीला १९९९ मध्ये वेगळे नियम करावे लागले. आजही कुणी झाडामागे ठराविक रकमेची हमी देत असेल तर दूर राहा. स्वतःच्या बांधावर मात्र जरूर लावा, बांधाला उजेड मिळतो, झाड जोमाने येतं, वेळेवर विरळणी करा, खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढा म्हणजे गाठी कमी पडतात. आणि झाडांची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्यावर आत्ताच करून घ्या, वीस-पंचवीस वर्षांनी तोडीची परवानगी मागताना झाड तुमचंच आहे हे दाखवायला तोच उतारा लागतो.